जिमखान्याची किल्ली

मुलाखत संपत आली की समितीतलं कुणीतरी उमेदवाराला विचारतं, ‘तुम्हाला काही विचारायचं आहे का?’ उमेदवारानं ‘नाही सर, धन्यवाद’ म्हणायचं, फाइल उचलायची, खुर्ची जागेवर सरकवायची आणि बाहेर पडायचं, अशी रीत आहे. आमच्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालकाच्या जागेसाठी मुलाखती होत्या, त्या दिवशी पाच जणांनी ती पाळली. सहावा उमेदवार अर्धा उठला होता, तो पुन्हा बसला. उन्हानं रापलेला, चाळिशीला टेकलेला माणूस. धावण्याची चाचणी तासाभरापूर्वीच झाली होती, त्यामुळे कॉलर अजून ओली होती. त्यानं फाइल मांडीवर ठेवली आणि विचारलं, ‘सर, जिमखान्याची किल्ली कोणाकडे असते?’

समोरच्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. वेतनश्रेणी, मान्यता, राहायची सोय, असले प्रश्न येतात हे सगळ्यांना माहीत होतं. हा प्रश्न कुणाच्या यादीत नव्हता. प्राचार्य म्हणाले, ‘ऑफिसला असते. का हो?’ तो म्हणाला, ‘काही नाही सर. सकाळी साडेपाचला कोण उघडतं, तेवढंच विचारायचं होतं.’ कुणीतरी घड्याळ बघितलं, बाहेर अजून दोघं बसले होते. तो नमस्कार करून गेला. किल्ली ऑफिसात नव्हती. माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये, चष्म्याच्या घराशेजारी, लाल सुतळीला बांधलेली होती, आणि मी काही बोलले नाही.

गेले महिनाभर हे माझ्या डोक्यातून जात नाही.

मुलाखतीतलं बाहेर बोलू नये, म्हणून नावं-गावं सगळी गाळते. आमचं महाविद्यालय सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे, एवढं पुरे. मी मराठी शिकवते. शारीरिक शिक्षण संचालकांची जागा रिकामीच राहिली तेव्हा ‘मॅडम, तात्पुरतं तुमच्याकडे घ्या’ असं म्हणून जिमखान्याचा कार्यभार माझ्याकडे आला. माझ्याआधी तो अर्थशास्त्राच्या सरांकडे होता, त्यांच्याआधी भूगोलाच्या. ते तात्पुरतं चार वर्षं चाललं. महाविद्यालयात शिकलेल्या कुणालाही हे सांगायला नको की रिकाम्या जागा कशा रिकाम्या राहतात. 2018 च्या नोव्हेंबरात शासन निर्णय निघाला, राज्यभरात 3580 सहायक प्राध्यापक भरायला परवानगी मिळाली, आणि त्याच कागदावर शारीरिक शिक्षण संचालक होते 139. आम्ही त्या 139 मध्ये नव्हतो. मग करोना आला, भरतीच थांबली. तासिका तत्त्वावर एक मुलगा दोन वर्षं आला, चांगला होता, पण मानधन सहा-सहा महिने हातात पडत नव्हतं. तो पोलीस भरतीत लागला आणि त्याला पेढे देताना मला आनंद आणि वाईट दोन्ही एकदम वाटलं.

ती जागा ज्यांची होती त्या सरांबद्दल लिहायला बसले तर हा लेख त्यांचाच होईल. मी नोकरीला लागले तेव्हा ते ऐन भरात होते. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले. 1914 साली सुरू झालेल्या त्या संस्थेचं नाव ते देवाचं घ्यावं तसं घ्यायचे, आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथं हुतूतू खेळून दाखवला होता, ही गोष्ट दर वर्षी नव्या मुलांना सांगायचे. पहाटे पाचला त्यांची सायकल जिमखान्याच्या भिंतीला टेकलेली असे. फक्कीचं घमेलं एका हातात, दुसऱ्या हातात सुतळीचा गुंडा, आणि मैदान आखताना कुणाशी बोलायचं नाही. मी सकाळच्या तासाला येई तेव्हा मुलं घामेजून नळावर आलेली असत, आणि मैदानावर पांढऱ्या रेषा इतक्या सरळ दिसत की त्या ओलांडून स्टाफरूमकडे जायचा जीव होत नसे. मी वळसा घालून जायची.

आणि त्यांची किल्ली कधीच त्यांच्या खिशात नसे. जिमखान्याच्या मागच्या भिंतीत एक कोनाडा आहे, पूर्वी त्यात पणती ठेवत असावेत, काजळी अजून आहे. किल्ली तिथं. सगळ्या खेळाडूंना माहीत. सरांना कुणी म्हटलं, ‘अहो, काही चोरीला जाईल,’ की ते म्हणायचे, ‘काय नेतील? चेंडू? नेऊ देत. खेळतील तरी.’ डेड स्टॉक रजिस्टरात, म्हणजे सामानाच्या नोंदवहीत, त्यांच्या काळातल्या नोंदी मी नंतर वाचल्या. दर वर्षी मार्चमध्ये एक-दोन व्हॉलीबॉल कमी पडलेले, समोर त्यांची सही आणि ‘स्वखर्चाने भरपाई’ असा शेरा.

सर 2016 च्या मे महिन्यात निवृत्त झाले. त्याच वर्षी 15 ऑगस्टला संध्याकाळी रिओमध्ये ललिता बाबरची स्टीपलचेजची, म्हणजे अडथळे ओलांडत पळायची, अंतिम शर्यत होती. माण तालुक्यातल्या मोही गावची पोर. पी. टी. उषानंतर, म्हणजे 1984 नंतर, धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचलेली पहिली भारतीय बाई. सकाळचं झेंडावंदन झालेलं होतं, तरी सर संध्याकाळी परत कॉलेजवर आले, कारण टीव्ही जिमखान्यात होता आणि मुलं तिथं जमणार होती. मी पण थांबले होते. ललिता दहावी आली. मुलांचे चेहरे पडले. सर मात्र उभे राहून टाळ्या वाजवत होते, एकटेच, आणि म्हणत होते, ‘खो-खोची पोर आहे रे ती, खो-खोची. शाळेत खो-खो खेळायची.’ त्या टाळ्यांचा आवाज पत्र्याखाली घुमत होता, तो मला आजही ऐकू येतो. टीव्ही त्यानंतर बिघडला. निर्लेखनाच्या, म्हणजे बाद करायच्या सामानाच्या, यादीत तो आहे, क्रमांक सतरा.

सरांच्या जाण्यानंतर लगेच काही कोसळलं नाही. पहिल्या वर्षी खो-खोचा मुलींचा संघ विभागीय स्पर्धेत दुसरा आला, तो सरांच्याच तयारीवर. दुसऱ्या वर्षी संघात नऊच मुली. तिसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या वेळापत्रकातल्या खो-खोच्या तारखेसमोर कुणीतरी पेनानं ‘सहभाग नाही’ लिहिलं. कोनाड्यातून किल्ली ऑफिसच्या खिळ्यावर आली, कारण जबाबदारी निश्चित करायची होती. ऑफिस साडेदहाला उघडतं. मैदानावर पावसाळ्यात गाजर गवत वाढलं, उन्हाळ्यात त्यावर लग्नाचे मांडव पडू लागले, आणि कबड्डीच्या मैदानावर गाड्या लावायची सवय आम्हा प्राध्यापकांनाही लागली. जिमखाना फी मात्र प्रत्येक विद्यार्थ्याकडून घेतली जात होती. पावतीवर तो रकाना मी चार वर्षं पाहत आले.

माझ्याकडे कार्यभार आल्यावर मी किल्ली खिळ्यावरून काढून पर्समध्ये ठेवली. मला वाटलं, मी ऑफिसपेक्षा लवकर येते, मुलांची सोय होईल. मनापासून वाटलं. साडेसातच्या तासाला मी येत असे, म्हणजे तीन तास आधी. आणि तीच किल्ली एका मुलीच्या आड आली.

ती पंधराशे मीटर पळायची. डोंगरावरच्या वाडीतून एसटीनं येणारी, दुसऱ्या वर्षाला. पायात कापडी बूट, डाव्या बुटाला करंगळीजवळ भोक, आणि त्या भोकातून मोजा दिसू नये म्हणून तिनं मोज्याला तिथं काळी शाई लावली होती. हे मी तिला सही करायला वाकलेली पाहिलं तेव्हा दिसलं. तिचा विद्यापीठ स्पर्धेचा पात्रता अर्ज, दहावीचं मूळ प्रमाणपत्र आणि बारावीचं गुणपत्रक मी तपासून जिमखान्यातल्या टेबलावर फाइलमध्ये ठेवलं, प्राचार्यांची सही तेवढी राहिली होती. दुसऱ्या दिवशी मला कॅप सेंटरला पेपर तपासणीला जावं लागलं. तीन दिवस. किल्ली पर्समध्ये, पर्स माझ्याबरोबर कोल्हापुरात. अर्जाची शेवटची तारीख त्या तीन दिवसांत होती, आणि ती माझ्या लक्षातून गेली होती. मामांनी, म्हणजे आमच्या शिपाईमामांनी, मला फोन केले. तपासणीच्या हॉलमध्ये मोबाईल बंद ठेवायचा असतो. मी परतले तेव्हा ती जिमखान्याच्या पायरीवर बसली होती. मी कुलूप उघडलं, फाइल जिथल्या तिथं होती. मी विद्यापीठात दोन-तीन ठिकाणी फोन करून पाहिले, यादी गेली होती. ती म्हणाली, ‘असू द्या मॅडम. पुढच्या वर्षी.’

पुढच्या वर्षी तिनं खेळासाठी नाव दिलं नाही.

आता ती स्टँडसमोरच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. मला पाहिलं की हसते, खुर्ची पुढे करते, ‘मॅडम, बसा ना’ म्हणते. तिच्या हसण्यात कसलाही डंख नाही, आणि तेच मला सोसत नाही. मी तिथून गोळ्या घेते, ज्यांची मला गरज नसते. म्हणून सहाव्या उमेदवारानं किल्लीचं विचारलं तेव्हा बाकीच्यांना तो प्रश्न विचित्र वाटला असेल. मला तो माझ्या नावानं हाक मारल्यासारखा वाटला.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी आठला आम्ही सगळे मैदानावर होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमात या पदासाठी शारीरिक क्षमता चाचणी आहे. तिशीपर्यंतच्या पुरुषानं बारा मिनिटांत 1800 मीटर, चाळिशीपर्यंतच्यानं 1500. बायकांना आठ मिनिटं, तिशीपर्यंत 1000 मीटर आणि चाळिशीपर्यंत 800. मी वर्षानुवर्षं निवड समित्यांबद्दल ऐकलंय, काहींमध्ये बसले आहे. पण उमेदवाराला पळताना बघायची ही एकच. माणूस खुर्चीत बसला की तयार करून आणलेला असतो. पळताना तसं राहता येत नाही. मामांनी आदल्या संध्याकाळी दोनशे मीटरचा ट्रॅक आखला होता. फक्की कमी पडली म्हणून शेवटचं वळण फिकं होतं. सहावा उमेदवार साडेसात फेऱ्या पळला, घाई न करता, श्वास नाकानं. मी तारा असलेल्या कुंपणाजवळ उभी होते, तेव्हा एक गोष्ट दिसली. तो आतल्या रेषेला अगदी चिकटून पळत होता, पण एकदाही त्याचा पाय फक्कीवर पडला नाही. फिक्या वळणावरसुद्धा नाही. चाचणी संपताना बाकीच्यांचे बूट पांढरे झाले होते. त्याचे मातीच्या रंगाचेच होते. मामा माझ्या बाजूला होते. ते हळूच म्हणाले, ‘बाई, ह्यानं कवातरी स्वतः मैदान आखलंय.’

आणि तरीही आम्ही निवडलं ते त्याला नाही.

हे लिहिताना मला नीट सांगितलं पाहिजे, कारण अन्याय झाला असं मला म्हणायचं नाही. ज्यांची निवड झाली त्या बाई आहेत. चौतीस वर्षांच्या, अडथळ्यांच्या शर्यतीत आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळलेल्या, नेट झालेल्या, पीएच.डी. असलेल्या. त्यांनी आठशे मीटर चार मिनिटांच्या आत संपवले आणि लगेच मागच्या उमेदवार बाईंना ओरडून सांगू लागल्या, ‘हात सैल सोडा, हात!’ ज्यांच्याशी त्यांची स्पर्धा होती त्यांना. समितीतल्या एका तज्ज्ञांनी विचारलं, ‘मुली मैदानावर येत नाहीत, काय कराल?’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘सर, मुली यायला तयारच असतात. मी घरी जाईन. आईशी बोलेन. बाबा नंतर.’ मी तीस वर्षं ग्रामीण मुलींना शिकवते आहे. वडिलांनी नाही म्हटलं असं मुली सांगतात, पण बहुतेक वेळा पहाटेच्या अंधाराची भीती आईला असते, आणि मैदानावर एक बाई उभी आहे हे कळलं की ती भीती निम्मी निवळते. हे त्या खुर्चीत बसून कुणी बोलेल असं मला वाटलं नव्हतं. मी त्यांना भरभरून गुण दिले. आजही देईन.

सहावा उमेदवार नऊ वर्षं तासिका तत्त्वावर. पीएच.डी. अर्धवट. शोधनिबंध दोन. क्रीडा मानसशास्त्रावरच्या प्रश्नाला तो अडखळला, आणि नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या परिषदेच्या, निकषांवर विचारलं तेव्हा त्यानं सरळ सांगितलं, ‘ते मला शिकावं लागेल.’ कागदावर तो दुसरा आला, आणि कागद खोटा नव्हता. नऊ वर्षं तासावर राबणाऱ्या माणसानं शोधनिबंध कधी लिहायचे, हा प्रश्न कागदावर नव्हता एवढंच. मी तेव्हा बोलले असते तर निकाल बदलला असता असंही नाही, आणि बदलावा असंही मला ठामपणे म्हणता येत नाही. मला खटकतं ते वेगळंच. त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, आणि मी ते दिलं नाही. ‘किल्ली माझ्याकडे असते, आणि साडेपाचला कुणी उघडत नाही,’ एवढं वाक्य. अध्यक्षांसमोर, कुलगुरूंच्या प्रतिनिधींसमोर, सहसंचालक कार्यालयातून आलेल्या साहेबांसमोर. मी चष्मा पुसला.

त्या रात्री मला खाशाबा जाधव आठवले. आमच्या भागात ते कुणाला आठवावे लागत नाहीत, कराडजवळचं गोळेश्वर हे त्यांचं गाव, आणि 15 जानेवारी हा त्यांचा वाढदिवस आता राज्य क्रीडा दिन झाला आहे. 1952 चं हेलसिंकी, कांस्यपदक, हे सगळ्यांना पाठ. मी मात्र त्याच्याआधीच्या दोन माणसांचा विचार करत पडले होते. खाशाबा कोल्हापूरला राजाराम कॉलेजात होते. वार्षिक स्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला ते गेले तेव्हा क्रीडा शिक्षकांनी त्यांची किरकोळ अंगकाठी बघून नाव घेतलं नाही, असं सांगितलं जातं. मग ते प्राचार्यांकडे गेले आणि प्राचार्यांनी परवानगी दिली. त्याच कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी पुढे खाशाबांना हेलसिंकीला जाता यावं म्हणून स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावून ते कर्ज फेडलं म्हणतात. एकाच कॉलेजात, काही वर्षांच्या अंतरानं, एकानं दार लावलं आणि दुसऱ्यानं घर गहाण टाकून ते उघडं ठेवलं. तो दार लावणारा शिक्षक वाईट माणूस असेल असं मला मुळीच वाटत नाही. त्याला वाटलं असेल, हे लहानखुरं पोरगं, मार खाईल. काळजीनंच नाही म्हटलं असेल. मीही किल्ली काळजीनंच पर्समध्ये ठेवली होती.

नव्या बाईंना त्यांच्या आधीच्या ठिकाणी एक महिन्याची नोटीस द्यावी लागणार, मग नियुक्तिपत्र, रुजू अहवाल, विद्यापीठाची मान्यता. म्हणजे अजून महिना-सव्वा महिना किल्ली माझ्याकडेच. मुलाखतीनंतरच्या आठवड्यात चार मुली माझ्याकडे आल्या. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला, मुलींची कर्णधार आपली प्रियांका इंगळे. तेव्हापासून त्या मोबाईलवर त्याच सामन्यांच्या चित्रफिती बघत होत्या. त्यांना वाटत होतं नव्या मॅडम आल्या की सुरू करू. त्यांच्यातली एक म्हणाली, ‘पण मॅडम, खांब आहेत का आपल्याकडं?’ मी म्हटलं, ‘आहेत. रजिस्टरात आहेत.’ आणि मग माझ्याच तोंडून निघालं, ‘उद्या साडेपाचला या.’

नोव्हेंबरातली पहाट. कारखान्याचा हंगाम सुरू झालेला, रस्त्यावरून उसानं भरलेल्या ट्रॉल्या कर्कश गाणी लावून चाललेल्या, हवेत मळीचा तो गोडसर आंबट वास. मी तिशीनंतर एवढ्या पहाटे कॉलेजवर कधी आले नव्हते. मामांना सांगितलं नव्हतं, तरी ते कानाला मफलर गुंडाळून उभे होते. मुलींपैकी एक त्यांच्या भावकीतली निघाली. चार म्हणाल्या होत्या, सात आल्या. मी कुलूप काढलं. आत कातडं, चुना, उंदराच्या लेंड्या आणि जुन्या घामाचा मिळून एक वास होता, तो आमच्या अंगावर आला आणि मुलींनी ओढण्या नाकाला लावल्या. मला मात्र सरांची सायकल आठवली. मोडक्या डबल बारच्या मागे, गोणपाटात गुंडाळलेले, दोन सागवानी खांब. ‘खो-खो खांब, नग 2’. मुलींनी ते खांद्यावर घेतले, एकाला चौघी, दुसऱ्याला तिघी, आणि बाहेर नेले. मी मागून बॅटरी धरली होती.

खांब होते, पण खांब रोवायचे खड्डे कुठं होते? सरांनी जमिनीत लोखंडी नळ्या पुरून ठेवल्या होत्या, त्यात खांब बसायचा. नऊ वर्षांच्या मातीखाली त्या दिसेनात. मामा कडुनिंबापासून पावलं मोजत आले, थांबले, परत गेले, पुन्हा मोजत आले. मग एका जागी पहार मारली. ठण्ण असा आवाज आला. मुलींनी हातांनी माती उकरली, नळीत गाजर गवताची मुळं घुसली होती, ती एकीनं दातांत बॅटरी धरून उपसली. पहिला खांब उभा राहिला. हाताच्या तळव्यानं त्यावर थाप मारून बघितल्याशिवाय कुणाला राहवलं नाही. मीही मारली. लाकूड थंड आणि गुळगुळीत होतं, कंबरेच्या वर, जिथं वळसा घेताना हात लागतो तिथं जास्तच गुळगुळीत.

दुसरा सापडायला मात्र वेळ लागला. मुलींनी मोबाईलवर माप काढलं होतं, खांबापासून खांबापर्यंत चोवीस मीटर. टेप लावून बरोबर चोवीसवर खणलं, काही नाही. आजूबाजूला खणलं, काही नाही. मामा म्हणाले, ‘इथं न्हाई गावायचं. सरांचा खांब अलीकडं हुता.’ मुली म्हणाल्या, ‘मामा, नियमात चोवीसच आहे.’ तेव्हा मला आठवलं. जिमखान्याच्या भिंतीवर सरांनी स्वतःच्या हातानं रंगवलेला मैदानाचा नकाशा होता, पापुद्रे निघालेला, मी चार वर्षं त्याच्याखाली बसून हजेऱ्या लिहिल्या. त्यात लांबी 29 मीटर होती आणि मधली पाटी, म्हणजे दोन खांबांमधला पट्टा, साडेतेवीस. आता मैदान 27 मीटरचं आणि पाटी चोवीसची. मी म्हटलं, ‘अर्धा मीटर अलीकडे खणा.’

दुसऱ्याच घावाला पहार वाजली.

तोवर तांबडं फुटलं होतं. सात मुली, मामा आणि मी त्या नळीभोवती उभे होतो. आत पाणी साचून गंजाचा लाल चिखल झाला होता. ज्या मुलीनं खांबांचं विचारलं होतं ती म्हणाली, ‘मॅडम, मग आता दुसरा कुठं रोवायचा? सरांच्या खड्ड्यात, का नव्या मापानं?’ मी म्हटलं, ‘नव्या मापानं. स्पर्धेत चोवीसच असणार.’ मामांनी एकदा त्या जुन्या नळीकडे पाहिलं, मग पायानं तिच्यावर माती लोटली, अर्ध्या मीटरवर टाचेनं खूण केली, आणि हातांवर थुंकी घेऊन पहार उचलली.